कोरडं वजन

मनाउस,
रविवार, २७ डिसेंबर २०२०

प्रिय झुल्मिरा,

तुझं गाठोडं परवा पोचलं. 'सांता रोझा' बोटीवरचा स्वयंपाकी तिबुर्सियो स्वतः जिना चढून वर आला. टपालखात्यातली माणसं आपल्या तापेरा गावाचं नाव ऐकून अजून नकाशा उलगडतात, आणि हा बिचारा मासे तळता तळता चार वर्षं आपली पत्रं वाहतोय.

धुरावलेला मासा, भाजक्या कसाव्याचं पीठ आणि डब्यात कुपुआसूच्या वड्या. डबा उघडला मात्र, खोलीभर आपलं मागचं अंगण पसरलं. आई कढईत पळी फिरवते आहे, तू झाडाखाली बसून फळं फोडते आहेस आणि मी ओट्यावर उभा राहून उद्याची कविता पाठ करतोय. कामं तुम्ही दोघींनी करायची आणि यमकं मी जुळवायची, अशी आपल्या घरची वाटणी होती. ती नावाड्याची कविता मला अजून येते बघ:

नदी म्हणाली, थांब जराशी. नाव म्हणाली, नाही गं,
पैलतिरावर दिवा घेउनी वाट पाहते आई गं.

चाळीस वर्षं मी ती गावच्या शाळेत पोरांकडून घोकून घेतली. आता या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एकटाच म्हणतो, तर शेजारचा म्हातारा भिंतीवर थापा मारतो. तोही माझ्यासारखाच, नदीकाठच्या कुठल्याशा गावातून मशीनसाठी इथे येऊन पडलेला. गावाकडे मशीन असतं तर आम्ही सगळे आपापल्या ओट्यावर असतो.

तब्येत म्हणशील तर सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार चार तास. नाताळ शुक्रवारी आला म्हणून मशीनला सुट्टी नसते. त्या दिवशी आधी साठ किलो दोनशे, नंतर अठ्ठावन्न. माझं कोरडं वजन अठ्ठावन्न, ते तुला पाठच आहे. त्यावर जे काही भरतं ते पाणी. माझी मूत्रपिंडं ते बाहेर टाकत नाहीत, मशीन ओढून काढतं. एवढीच काय ती माझी हकिकत.

शहरात आजार पुन्हा वाढलाय का, म्हणून तू विचारलंस. लोक कुजबुजतात खरे. पण मला मे महिन्यात होऊन गेलाय, विसरलीस का? निम्म्या शहराला होऊन गेलाय. इथे जो तो म्हणतो, आपण आपल्या वाट्याचं भोगून बसलो, आता भ्यायचं ते दुसऱ्यांनी.

आणि तू 'मी येऊन राहते' हे पुन्हा काढू नकोस. खोली लहान आहे. झोपायच्या दोन झोळ्या टांगायला जागा नाही.

तुझा दादा,
अन्सेल्मो


तापेरा,
शुक्रवार, १ जानेवारी २०२१

दादा,

दिवसाला एकच वडी, असं डब्यावर लिहून पाठवलं होतं. तू वड्यांवर एवढं लांबण लावलंस तेव्हाच समजले. मासा खारट. तो खाल्ला की तहान, तहान लागली की पाणी, आणि पाणी प्यालास की सोमवारी धापा. तुला खायला धाडलं नाही तर जीव राहत नाही, आणि धाडलं की ही चिंता. सोमवारी काट्यावर किती भरलास ते लिही. किलोही आणि ग्रॅमही. तीस वर्षं मी पीठ तोलून विकते आहे, वजनात मला कुणी फसवलेलं नाही अजून.

कविता वाचली. दिवा घेऊन वाट बघणारी आई नसायची, मी असायचे. आई झोपलेली असायची.

आता कामाचं. दवाखान्याच्या लाँचवरचा लौरिवाल रोगी घेऊन शहरात जातो, तिथे बघतो ते येऊन सांगतो. तो म्हणाला, या वेळी तरणी माणसं आणताहेत, आणि आधी होऊन गेलेलीसुद्धा. त्याला वाटतं, आजाराने रूप बदललंय. मे महिन्यात झाला म्हणून तुझ्या कपाळावर कुणी शिक्का मारलेला नाही, दादा. आणि तुझ्यासारख्यांच्या अंगात लढायला उरलंय तरी काय, हेही तो म्हणाला. मला ते आवडलं नाही, पण ऐकून घेतलं.

गावातला टॉवर वादळापासून आडवाच आहे. दवाखान्याच्या बिनतारी संचाची बॅटरी मेली आहे. तुझा आवाज ऐकून सहा आठवडे झाले. म्हणून म्हणते, कागदावर तरी खरं लिहीत जा.

खोली लहान आहे हे मी चार वर्षं ऐकते आहे. मी जमिनीवर झोपेन.

झुल्मिरा


मनाउस,
शनिवार, ९ जानेवारी २०२१

प्रिय झुली,

तुझं पत्र वाचून शेजारच्या म्हाताऱ्यालाही ते दिव्याचं सांगितलं. तो इतका हसला की आता भिंतीवर थापा मारणार नाही बहुतेक.

आमच्या हॉलमध्ये बावीस खुर्च्या आहेत. माझ्या डाव्या हाताला दोना पेत्रोनिला बसते, बाजारात मासे विकायची, जिभेने अजून विकते. सोमवारी ती आली ती धापा टाकत. मी हसलो.

"हसता काय मास्तर," ती म्हणाली, "थेंब नाही घेतला मी."

"नव्या वर्षाला थेंब कोण घेतं," मी म्हटलं. "तू मोठा पेला घेतला असशील."

सगळा हॉल हसला. सिस्टर एदिनाल्वाही मास्कच्या आड हसली आणि म्हणाली, "खरं सांगा, किती प्यालात?" आमच्यात कुणाला दम लागला की पहिला प्रश्न हाच. डॉक्टर हाच विचारतात, जिना झाडणारी बाईही हाच विचारते. आणि खरंच, दहांतल्या नऊ वेळा उत्तर पाण्यातच सापडतं.

तिचं साडेतीन किलो ओढलं. पायात गोळे येऊन ती विव्हळली, पण दम तसाच. बुधवारी पुन्हा तेच. काल शुक्रवारी तिला काचेच्या दारापलीकडे नेलं. तिकडे आजाराच्या लोकांची वेगळी शिफ्ट चालते, सगळ्यांत शेवटची. तिलाही मे महिन्यात होऊन गेला होता, माझ्याच आठवड्यात. आम्ही दोघं त्यावरून एकमेकांना जुळी भावंडं म्हणायचो.

तिची घोंगडी खुर्चीवरच राहिली. मशीन रक्त बाहेर फिरवून आणतं, माणूस आतून गारठतो, म्हणून आम्ही सगळे या उकाड्यात घरून घोंगडी आणतो. सिस्टरने ती घडी करून पिशवीत घातली आणि पिशवीवर नाव लिहिलं. तिचं अक्षर सुरेख आहे. माझ्या हाताखाली शिकली असती तर मी तिला फळ्यावर सुविचार लिहायला लावलं असतं.

तू मागितलेस म्हणून आकडे देतो. सोमवारी साठ किलो शंभर. बुधवारी एकोणसाठ सहाशे. काल एकोणसाठ आठशे. वड्यांचा डबा कपाटावर ठेवलाय, हात पोचत नाही अशा जागी. मी ठणठणीत आहे.

दादा


तापेरा,
बुधवार, १३ जानेवारी २०२१

दादा,

दोना पेत्रोनिलाचं पुढे काय झालं?

रेडिओवर ऐकलं. आजाराचा नवा प्रकार जपानात सापडला, आणि तो तिथे नेणारी माणसं आपल्या अमेझोनासातून गेलेली. म्हणजे जगाच्या टोकाला जाऊन कळलं की आपल्या दारात काय आहे. डॉक्टर म्हणाले, आधी होऊन गेलेल्यांनी त्यावर विसंबू नये. मी कान लावून ऐकत होते, 'मूत्रपिंड' हा शब्द येतो का. शेवटी आला. ज्यांना घरात बसता येत नाही, आठवड्यातून तीनदा बाहेर पडावंच लागतं, त्यांनी अंगातला बारीकसा बदलही लगेच कळवावा. लगेच, दादा.

माणसं नेणाऱ्या बोटी बंद केल्या. मी पिशवी भरून ठेवली होती, ती रिकामी केली. 'सांता रोझा' माल घेऊन जाते-येते, त्यामुळे पत्रं तेवढी चालू राहतील. तिबुर्सियो धक्क्यावर उतरत नाही आता, दोरीला बादली बांधून पत्रं खाली सोडतो.

दम लागला, खोकला आला, जेवण नको झालं, काहीही झालं तरी सिस्टरला सांग. मला नंतर लिहिलंस तरी चालेल, तिला आधी सांग.

झुल्मिरा


मनाउस,
रविवार, १७ जानेवारी २०२१

झुली,

आज अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस.

पेत्रोनिला मंगळवारी गेली. बुधवारी तिची भाची आली, पिशवी घेऊन गेली. खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसवलं नाही अजून. ती बातमी मला मंगळवारीच कळली होती आणि ऐकल्यावर मी दोन पेले पाणी घटाघटा प्यालो. वर उरलेला मासा खाल्ला. असं का केलं, ते विचारू नकोस. रिकामं वाटत होतं.

गुरुवारपासून जिना चढताना मध्ये बसावं लागतं. झोळीत आडवं झालं की छाती भरून येते. तुझ्या मनात आत्ता काय आलं ते मला ठाऊक आहे. पण हे माझं पाणी आहे, मी प्यालोय, मला माहीत आहे. दारातलं यंत्र कपाळाला लावतात, ते पस्तीस आठ दाखवतं. ताप म्हणून नाही.

गंमत सांगतो. काटा मात्र काही दाखवेना. सिस्टर म्हणाली, "मास्तर, तुमच्यात ओढण्यासारखं आहेच काय?" मग शुक्रवारी मी युक्ती केली. बाबांच्या जाळ्याची शिसं मी इथे आणली होती ना, आठवणीला म्हणून? ती खिशांत घातली आणि काट्यावर उभा राहिलो. साडेएकोणसाठ. त्यातलं आठशे ग्रॅम शिसं. त्यांनी दीड किलो ओढलं. शेवटच्या तासाला डोळ्यांपुढे काजवे चमकले, पायाची बोटं वाकडी झाली, पण मी दात आवळून बसलो. घरी आल्यावर वाटलं, आणखी ओढायला हवं होतं. उद्या सोमवारी सगळीच शिसं घालणार आहे.

सिस्टरला दम लागतो असं सांगितलं तर ती मला काचेपलीकडे पाठवील. तिकडे गेलेलं कुणी आपल्या खुर्चीवर परत आलेलं मी पाहिलं नाही. शहरात प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी लोक रस्त्यावर रांगा लावून उभे आहेत. गुरुवारी आमच्या गल्लीतून एक मुलगा आईसाठी नळकांडं खांद्यावर घेऊन पळत गेला. मी खिडकीत होतो.

कविता आठवायला बसलो तर दुसरी ओळ पुरी होईना. श्वास मध्येच संपतो. काळजी करू नकोस. पाणी उतरलं की होईल.

दादा


तापेरा,
मंगळवार, १९ जानेवारी २०२१

सिस्टर एदिनाल्वा यांस,

आपली ओळख नाही. मी अन्सेल्मो मास्तरांची धाकटी बहीण. हे पत्र लौरिवाल लाँचने आणतोय, तुमच्या हातात पडेपर्यंत तिथून हलणार नाही असं त्याने मला कबूल केलंय.

माझा भाऊ तुमच्यापासून लपवतोय. गुरुवारपासून त्याला दम लागतो. जिना चढवत नाही, आडवं होता येत नाही. पाणी आहे असं तो समजतो, आणि तुमच्याकडून ते ओढून घ्यावं म्हणून खिशांत जाळ्याची शिसं घालून काट्यावर उभा राहतो. काल आणखी घातली असणार.

मी शिकलेली नाही, पण तोलायचं काम केलंय. शुक्रवारी काट्यावर साडेएकोणसाठ, त्यातून आठशे ग्रॅम शिसं वजा करा. राहिलं अठ्ठावन्न सातशे. म्हणजे अंगात पाणी सातशे ग्रॅम. तेवढ्यात कुणी बुडत नाही. तुम्ही त्याचं दीड किलो ओढलंत, म्हणजे तो कोरड्याच्याही खाली गेला, आणि तरी दम लागतो. मग हे पाणी नव्हे.

दुसरं कारण आहे, ते त्याला सांगू नका. माझी मूत्रपिंडं दोन्ही चांगली आहेत, हवं तेवढं पाणी पिते. शनिवारपासून मला पिठाची एक कढई बसल्याशिवाय भाजता येत नाही. त्याचं पत्र वाचताना मला वाटलं, हा माझ्याच छातीचं लिहितोय. माझ्यात पाणी नाही, सिस्टर. मग त्याच्यात कसं असेल?

त्याला काचेपलीकडची भीती वाटते. तो रागावेल. रागावू द्या. रागवायला तो राहिला पाहिजे.

झुल्मिरा


मनाउस,
गुरुवार, २१ जानेवारी २०२१

दोना झुल्मिरा,

तुमचं पत्र बुधवारी सकाळी पहिली शिफ्ट लागायच्या आत मिळालं. मास्तर काट्यावर चढत होते. मी म्हटलं, "मास्तर, खिसे." त्यांनी एकेक शिसं काढून टेबलावर ठेवलं. एक किलो चारशे ग्रॅम झाली. सोमवारी मशीनवर त्यांची शुद्ध गेली होती ती का, ते तेव्हा कळलं.

बोटाला यंत्र लावलं तर प्राणवायू ब्याऐंशी. नव्वदच्या खाली आम्ही कुणाला जिन्यापर्यंतही चालू देत नाही. तपासणीत आजारच निघाला. त्यांना काचेपलीकडे खाट मिळाली आणि नळकांडंही मिळालं. ते कसं मिळालं ते विचारू नका. पुढचे दहा दिवस काय होईल हे मी सांगू शकत नाही. इथे कुणीच सांगत नाही.

चूक आमचीही आहे. दम लागला की आम्ही पाणी विचारतो. वर्षानुवर्षांची सवय. दोना पेत्रोनिलाला मी हसत विचारलं होतं. आता दारातच प्रत्येकाच्या बोटाला यंत्र लावते, ताप असो वा नसो. आमच्या रोग्यांना ताप फारसा चढतच नाही, हे मला आधी आठवायला हवं होतं.

तुमच्याबद्दल मी त्यांना बोलले नाही. पण लौरिवालकडे बोटाचं यंत्र आहे. रोज लावा. नव्वदच्या खाली गेलं तर लाँचमध्ये बसा, पीठ कढईत असलं तरी.

एदिनाल्वा


मनाउस,
बुधवार, ३ फेब्रुवारी २०२१

झुल्मिरा,

जिवंत आहे. कालपासून पेन धरता येतं, म्हणून पहिलं पत्र तुलाच.

तू चहाडी केलीस. मी तुला भाऊ म्हणून लिहिलं आणि तू ते सिस्टरच्या हातात दिलंस. चाळीस वर्षं मी पोरांचे खिसे रिकामे करवले. त्या सकाळी बावीस खुर्च्यांसमोर माझे खिसे रिकामे झाले. एकही जण हसला नाही, हे जास्त लागलं.

मग काचेपलीकडे. आठ खाटा. उजव्या हाताच्या माणसाचं नाव विचारायचं म्हणून मी दोन दिवस दम गोळा करत होतो. विचारलं तेव्हा खाटेवर दुसराच माणूस होता. पालथं झोपवतात. मशीन लावतात तेव्हा चेहरे दिसत नाहीत, नुसत्या काचा आणि हातमोजे. तिथे मला एकदाही आपलं अंगण दिसलं नाही. नदीही नाही. मी डोळे मिटून पुष्कळ प्रयत्न केला, काही येईना. मरण एवढं कोरं असेल असं मला वाटलं नव्हतं.

आणि या सगळ्यात तुझी एक ओळ नाही. सिस्टरला पत्र लिहायला वेळ होता, मला नाही. असो. आता महिनाभर मला लिहूही नकोस.

अन्सेल्मो


मनाउस,
रविवार, ७ मार्च २०२१

झुली,

हे पत्र तीनदा सुरू केलं. दोनदा कवितेने सुरू केलं, ते फाडलं.

काल तिबुर्सियो आला. बंदी उठल्यापासून तो पुन्हा जिना चढतो. मी विचारलं, "माझी बहीण अजून फुगून बसली आहे का?" तो म्हणाला, "फुगायला तिच्यात वारा आहे कुठे, मास्तर? सहा दिवस दवाखान्याच्या फळीवर होती, नळकांड्याला लावलेली. तुम्हाला ठाऊक नाही?" मग तोच घाबरला, आपण बोलून चुकलो म्हणून.

मी सिस्टरकडे गेलो. तिने आधी नाही म्हटलं, मग कपाटातून तुझं पत्र काढून दिलं. 'रागवायला तो राहिला पाहिजे.' मी ते काचेच्या दारापाशी उभा राहून वाचलं. लोक बाजूने जात होते. सिस्टरने खुर्ची आणून दिली.

मी तुला रागाने लिहिलं तेव्हा तू फळीवरून उठून चारच दिवस झाले असतील. माझं ते पत्र तिबुर्सियोच्या बादलीतून तूच उचललंस का? की कुणी आणून दिलं आणि तू पडल्यापडल्या वाचलंस? क्षमा माग असं मी वर्गात शेकडो पोरांना सांगितलं. ती मागायची कशी, ते मी कुणालाच शिकवलं नाही, असं आता दिसतंय.

म्हणून तुला हवं होतं ते लिहितो. सजावट न करता.

कोरडं वजन आता चौपन्न. आजारात मांस झडलं. जिना चढताना एकदा थांबतो, वर पोचल्यावर पाच मिनिटं बोलता येत नाही. उजव्या बाजूला खोल श्वास घेतला की टोचतं. ते मी सोमवारी डॉक्टरांना सांगितलं. आपल्या खुर्चीवर परतलो आहे, डाव्या हाताला आता एक तरणा सुतार बसतो, गप्प असतो. वयामुळे माझा लशीचा नंबर लागला, पहिली टोचली. डॉक्टर म्हणाले, तुमच्यासारख्यांच्या अंगात ती अर्धवटच रुजते, दुसरी घेतल्यावरही सांभाळून राहायचं. आजार आणखी रूपं बदलेल, आणि तुम्हाला दारं लावून बसता येणार नाही. मी विचारलं, मग करायचं काय? ते म्हणाले, "जे होईल ते त्याच दिवशी सांगायचं, मास्तर. दुसऱ्या दिवशी नाही." मला भीती वाटते. रोज सकाळी सदरा चढवायच्या आधी वाटते, आणि दारात बोटाला यंत्र लावतात तेव्हा आकडा दिसेपर्यंत वाटते.

खोलीचं खरं सांगतो. खोली लहान नाही. दोन झोळ्या सहज बसतात. मशीनवरून आल्यावर मला उलट्या होतात, कधी कधी कपड्यांत होतात, आणि दोन तास मी कुणाशी माणसासारखा वागत नाही. ज्या भावाला तू ओट्यावर उभा राहून कविता म्हणताना पाहिलंस, त्याला तू असं पाहू नयेस म्हणून चार वर्षं खोली लहान होती.

ये. पण आत्ता नाही. आधी तुला लस मिळू दे, दोन्ही. इथे अजून रोज लोक जाताहेत. हे मी टाळण्यासाठी म्हणत नाही, या वेळी खरंच म्हणतो. झोळी टांगायला भिंतीत दुसरा आकडा मी काल ठोकून घेतला. शेजारच्या म्हाताऱ्याने हातोडी दिली.

आता तू लिही. बाकी काही नको. तुझा श्वास कसा आहे, तेवढंच.

दादा


तापेरा,
शुक्रवार, १२ मार्च २०२१

दादा,

पत्र धक्क्यावरच वाचलं. तुझं रागाचं पत्रही मीच उचललं होतं. त्या दिवशी मला हसू आलं, कारण रागावलेल्या माणसाचं अक्षर तेवढं सरळ होतं. मग रडू आलं. लौरिवालने यंत्र लावलं, म्हणाला रडू नका, आकडा उतरतो.

मला पहिली लस पुढच्या आठवड्यात, लाँचवरच टोचणार आहेत. दुसरीनंतर पंधरा दिवस मोजीन आणि निघेन. तू उलटी केलीस तर मी बादली धरीन. बाबांची धरली होती, तू तेव्हा शहरात परीक्षेला गेला होतास.

श्वासाचं विचारलंस. धक्क्यापासून घरापर्यंत एकोणतीस पायऱ्या आहेत. पूर्वी पिठाचं पोतं डोक्यावर घेऊन एका दमात चढायचे. आता एकदा थांबते, असं लिहिलं होतं. ते खोडलंय, तुला दिसत असेलच. तीनदा थांबते. आज चारदा थांबले.

लौरिवालला आजच सांगून आले आहे.

झुल्मिरा